साथीतील चुकांची यादी, कलमे अकरा

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एक गोष्ट सिद्ध करावयाची आहे. ती आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच पत्र बाजूला ठेवून तू चहा करावयास उठलीस तरी मुद्दा हातून निसटणार नाही. ती अशी: मोजता येतील अशा सर्व बाबतींत यंत्राची साथ माणसाच्या साथीपेक्षा श्रेष्ठ आहे, आणि तू गेल्यावर मी यंत्र आणले ते योग्यच केले. पुढील सर्व मजकूर या एका विधानाच्या समर्थनार्थ आहे. जेथे तो तसा वाटणार नाही तेथे दोष वाचणाऱ्याचा समजावा (वाचणारी तू आहेस हे मी जाणतो, परंतु नियम सर्वांना सारखा).

इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य पत्राच्या आरंभी लिहावयाचे असते म्हणून लिहिले; त्याला पुरावा जोडलेला नाही. तुझा गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी जिना आहे की लिफ्ट, हे तू कळवलेले नाहीस, आणि गुडघ्याच्या प्रश्नात ती बाब निर्णायक आहे. जावयांना आशीर्वाद. नातीला दात येत असल्याचे समजले. तिला माझ्या वतीने धीर दे. तुझी वहिनी प्रकृतीने उत्तम असून गेले सात आठवडे माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलते. आवश्यक म्हणजे किती, हे तीच ठरवते.

तुझे चार ओळींचे पत्र पोचले. पहिल्या ओळीत तू खुशाल असल्याचे, दुसरीत नातीच्या दातांचे, तिसरीत आता यापुढे वाजवणार नसल्याचे आणि चौथीत माझ्या पुढच्या खोलीतला तुझा पियानो कुणाला तरी देऊन टाकावा, ‘म्हणजे तुझ्या यंत्राला ऐसपैस जागा होईल’, असे आहे. (यंत्राची बातमी तुला कोणी दिली, हे मी विचारत नाही. घरात टेलिफोन एकच आहे आणि तो वहिनीच्या खुर्चीशेजारी आहे.) तुझ्या इच्छेनुसार मी मुलींच्या शाळेला विचारले. शाळेचे उत्तर आले. त्यांना पियानो हवा आहे आणि येत्या सोमवारी सकाळी त्यांची गाडी येईल. या बाबीकडे मी शेवटी येईन.

आता वादाची पार्श्वभूमी. तुला ती पाठ आहे. परंतु दोन्ही पक्षांना ठाऊक असलेली गोष्टसुद्धा मांडल्याखेरीज गृहीत धरू नये, असे मी महाविद्यालयात चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना सांगत आलो, तेव्हा आता सवलत घेणे बरे नव्हे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात मी व्हायोलिन वाजवतो आणि तू पियानोवर साथ करतेस. हे एकेचाळीस वर्षे चालले आहे. त्यात खंड दोनदाच पडला: एकदा तुझ्या लेकीच्या लग्नामुळे, आणि एकदा सात वर्षांपूर्वी, कपाटाचे दार माझ्या डाव्या करंगळीवर मिटले तेव्हा. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी करंगळी पूर्ण बरी झाल्याचे लेखी दिले. तो कागद माझ्याकडे आहे.

आपण वाजवतो ते बाबांच्या वहीतून. बाबांनी प्रत्येक सूर स्वतःच्या हाताने उतरवला, पुसून पुन्हा उतरवला, आणि ज्याविषयी खात्री नव्हती ते सोडून दिले; त्यामुळे त्या वहीत नाही ते वाजवणे म्हणजे बाबांच्या तोंडी नसते वाक्य घालणे, असे मी मानत आलो. तू मात्र काही वर्षांपासून वहीत नाही ते वाजवू लागलीस. तीन-चार सूर एकदम दाबावयाचे असे बाबांनी लिहिले असता तू ते खालून वर एकेक करून उघडायचीस, जसा एखाद्याने पंखा सावकाश उलगडावा. कोठे एक सूर उगाच रेंगाळत ठेवायचीस. कोठे दोन सुरांची एक छोटी वेलांटी, जिची गरज बाबांना वाटली नाही. ऐकणाऱ्यांना ते आवडत असे. आवडणे हा पुरावा नव्हे.

तेव्हा मी यादी केली. तीन महिने लक्षपूर्वक ऐकून, पान आणि ओळ यांच्या उल्लेखासह, टंकलेखन यंत्रावर, खाली कार्बन घालून. शीर्षक: ‘साथीतील चुकांची यादी’. कलमे अकरा. तुला तोंडी सांगितले असते तर तू हसून टाळले असतेस, म्हणून कागद पियानोवर वही ठेवतो त्या जागी ठेवला. सकाळी सात वाजता तू नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावरून खाली आलीस (तुझ्या जिन्यातून पियानो वर जाईना, म्हणून तो आमच्या खोलीत आणि तू रोज खाली, ही व्यवस्था लक्षात घेता तुझे साधन तीस वर्षे माझ्या ताब्यात होते, हा मुद्दा मी पूर्वी कधी विचारात घेतला नाही). चष्मा लावून उभ्याउभ्या तू सगळी यादी वाचलीस. घडी केलीस. आणि म्हणालीस,

“अकराच सापडल्या, दादा?”

हे मी उद्धटपणात जमा केले. दुपारी तू पिशवी घेऊन खाली आलीस आणि चार दिवस लेकीकडे जाते म्हणालीस. दारात वळून एवढेच म्हणालीस की, तुला काटेकोरच साथ हवी असेल तर यंत्र मिळतं की बाजारात.

मी ते सूचना म्हणून स्वीकारले.

येथे एका विसंगतीचा खुलासा करणे भाग आहे, कारण तो मी केला नाही तर तू करशील. यंत्राच्या साथीविषयी माझे पूर्वीचे मत प्रतिकूल होते. नाक्यावरच्या त्या हॉटेलात गिटारवाला यायचा. समोर टेबलावर एक डबी ठेवायचा आणि डबीतून ढोल, बासरी, कधी कधी अख्खा वाद्यवृंद निघायचा. त्याला मी एकदा, सूप गार होत असता, वीस मिनिटे समजावून सांगितले होते की, उसन्या आधारावर वाजवणे हे वाजवणे नव्हे. वादकाला निराधार उभे राहता आले पाहिजे. तो बिचारा मान डोलवत राहिला. घरी येताना तू म्हणालीस, “तो निदान टेबलावर समोर ठेवून तरी वाजवतो.” म्हणजे काय, असे मी विचारले. तू म्हणालीस, काही नाही, मफलर नीट घे. ते वाक्य माझ्याकडे सहा वर्षे अर्थाविना पडून होते.

असो. दुकानात गेलो. दुकानदार पस्तिशीचा, उत्साही, प्रत्येक वस्तूवर प्रेमाने थाप मारणारा. त्याने जेवणाच्या डब्याएवढे एक यंत्र काढले. वहीतला पियानोचा भाग त्यात भरून द्यायचा, गती ठरवायची, पायाखाली एक कळ ठेवायची. दाबली की सुरू, दाबली की बंद. “काका, याच्यापुढे माणूस काय करणार?” तो म्हणाला. “हे दमत नाही, चुकत नाही, रुसत नाही.” तिसऱ्या क्रियापदाशी मी जरा थांबलो, पण पहिली दोन ग्राह्य होती. मग त्याने एक बटण अभिमानाने दाखवले. ते दाबले की यंत्र मुद्दाम थोडे चुकते, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते की माणूसच वाजवत आहे. किती चुकते, असे मी विचारले. तुम्ही म्हणाल तेवढं, एक ते दहा. कोणत्या जागी चुकते? कुठेही, काका, त्याचं काही नक्की नसतं. मी त्याला म्हणालो की, मग ते माणसासारखे नाही. माणूस कोठेही चुकत नाही. माणूस ठरावीक जागी चुकतो आणि त्या जागेला कारण असते. कारण शोधले म्हणजे पुष्कळदा असे आढळते की ती चूक नव्हतीच. यावर त्याने मला आपण शिक्षक होता का, असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता यंत्र कागदात गुंडाळले. मी बोललो ते बरोबर होते. फक्त ते वाक्य मी दुकानात बोललो आणि दुकानातच ठेवून आलो.

पहिल्या सरावाचा वृत्तांत थोडक्यात देतो. यंत्र चार वेळा टक्-टक् करते आणि सुरू होते. तू सुरू करण्यापूर्वी माझ्या खांद्याकडे पाहायचीस, हे मला त्या दिवशी कळले, कारण यंत्र पाहत नाही. माझा गज अद्याप हवेत होता. यंत्र पुढे गेले. मी सभ्यपणे ते थांबण्याची वाट पाहत राहिलो. ते थांबले नाही; त्याने चार मिनिटे दहा सेकंदांत आपला भाग अचूक पूर्ण केला. तुझी वहिनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाली, “छान वाजवलं हो त्यानं. तुम्ही कधी सुरू करताय?” (त्या आठवड्यातले हे तिचे सर्वांत लांब बोलणे.)

दुसऱ्या दिवसापासून यंत्र आपोआप बंद पडू लागले. आठ-दहा सूर वाजवायचे, गप्प व्हायचे, पुन्हा सुरू व्हायचे. दुकानदाराला बोलावले. तो माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला, म्हणाला वाजवा, आणि यंत्राकडे न पाहता माझ्या बुटाकडे पाहत राहिला. मी वाजवताना पायाने ताल देतो, असा तुझा एकेचाळीस वर्षांचा आरोप आहे आणि मी तो सातत्याने फेटाळला आहे. या प्रसंगावरून तू काही निष्कर्ष काढशील; परंतु तो आरोप लेखी कधीच दाखल झालेला नसल्याने त्यावर येथे निर्णय देण्याचे कारण नाही. कळ मी दोन फूट पलीकडे सरकवली. पाय तेथपर्यंत गेला. शेवटी उजवा पाय पाटावर ठेवून, त्यावर वहिनीचा जाडजूड शब्दकोश ठेवून सराव केला.

मग पहिला शनिवार. सभागृहाच्या व्यवस्थापक बाईंनी वाचनालयाच्या पियानोवर आवरण घातले, झाकणावर ओरखडा नको म्हणून खाली एक जुने मासिक ठेवून त्यावर यंत्र ठेवले, आणि तुझे स्टूल मात्र जेथल्या तेथे राहू दिले. उचलू का, असे मी विचारले तर म्हणाल्या, राहू दे हो, त्याचं काय अडतंय. श्रोते सतरा होते. मी नमस्कार केला तेव्हा सतराही जण स्टुलाकडे पाहत होते.

पहिल्या दोन रचना निभावल्या. तिसरी ती संथ. तुला आठवत असेल, पहिल्या रांगेतले घड्याळजी (बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचे दुकान होते ते, आता हात कापतो म्हणून बंद केले) संथ रचनेपूर्वी नेमके खोकतात. तू हात मांडीवर ठेवून थांबायचीस. त्यांचा खोकला संपायचा, ते रुमाल घडी करून खिशात ठेवायचे, तुझ्याकडे पाहून मान हलवायचे, मग तू सुरू करायचीस. एवढा सगळा व्यवहार दर महिन्याला माझ्या पाठीमागे चालत होता आणि मला वाटायचे की शांतता आपोआप होते. या वेळी ते पहिल्यांदा खोकले, त्याच क्षणी यंत्राने टक्-टक् केले. बिचाऱ्यांनी उरलेला खोकला रुमालात कोंबला आणि पुढची पाच मिनिटे लालबुंद होऊन बसून राहिले. दुसऱ्या पानावर, जेथे सर्व अगदी हळू होते, तेथे यंत्रातून एक तरुण स्त्री म्हणाली, “बॅटरी कमी आहे. कृपया चार्ज करा.” आवाज गोड होता. मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली.

परंतु खरी अडचण ही नव्हे. मी मागे पडत होतो. प्रत्येक वेळी एखाददुसऱ्या ठोक्याने. धावून गाठायचो, पुन्हा मागे पडायचो. शेवटी यंत्र संपले तेव्हा माझी एक ओळ शिल्लक होती. ती मी एकट्याने वाजवली. निराधार वादनाची महती मी इतरांना इतकी वर्षे सांगितली, परंतु प्रत्यक्ष अनुभव तेवढ्या एका ओळीपुरताच आहे. ती ओळ फार लांब आहे, धाकटे.

कार्यक्रमानंतर घड्याळजी दाराशी थांबले होते. यंत्राची गती जरा जास्त असावी, असे मी म्हणालो. ते म्हणाले, नाही सर, मी मनात मोजत होतो, यंत्र चोख चालतंय. मग आपली टोपी हातात फिरवत त्यांनी एक हकीकत सांगितली, ती त्यांच्याच शब्दांत देतो, कारण साक्ष बदलू नये. “माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं. म्हणायचे, माझं घड्याळ तीस वर्षं एक मिनिट चुकलेलं नाही. मी उघडून बघितलं, तर दिवसाला दोन मिनिटं मागं पडत होतं. त्यांना काही पटेना. शेजारी त्यांची बायको उभी. ती आपली जमिनीकडे बघत होती. रोज सकाळी तीच पुढं करायची, दुसरं काय.”

मी विचारले, मग तुम्ही त्यांना सांगितलेत का?

ते म्हणाले, “छे. किल्ली दिली आणि परत केलं. चांगलं चाललं होतं की.”

मी घरी आलो आणि टिपण केले. मागे पडणे ही मोजता येण्याजोगी बाब आहे, तेव्हा मोजली. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, यंत्राबरोबर तिन्ही रचना वाजवल्या आणि जेथे जेथे मागे पडलो तेथील पान आणि ओळ लिहून काढली. चौथ्या दिवशी आकडे पक्के झाले. ते पाहताना असे वाटले की, हे आकडे मी पूर्वी कोठेतरी, याच क्रमाने, टंकलिखित स्वरूपात पाहिले आहेत. खण उघडला. तुला दिलेल्या यादीची कार्बन प्रत काढली. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

पान एक, ओळ चार. पान एक, ओळ चार.

पान दोन, ओळ नऊ. पान दोन, ओळ नऊ.

पुढचे लिहीत नाही. अकराच्या अकरा. प्रत्येक ठिकाणी डाव्या करंगळीला वरच्या सुरावर लांब जावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी ती अर्धा क्षण उशिरा पोचते. ज्या जागी तू सुरांचा पंखा सावकाश उलगडायचीस, त्या जागी तेवढाच वेळ मला हवा असायचा. रेंगाळणारा तो सूर माझ्यासाठी दार धरून उभा होता. ती वेलांटी म्हणजे मी अद्याप जिन्यात आहे हे लोकांना कळू नये म्हणून तू केलेले बोलणे. ‘काही वर्षांपासून’ असे मी वर लिहिले आहे. नेमके सांगावयाचे तर सात, कपाटाच्या दारापासून. त्या सात वर्षांत मला एकदाही उशीर झाला नाही, कारण मी पोचेन तीच वेळ, असे तू ठरवून टाकले होतेस.

तुझी वहिनी भाजीची पिशवी घेऊन आली. टेबलावर दोन कागद पाहिले. चष्मा न लावताच म्हणाली, “जुळल्या का?”

मी विचारले, तुला हे ठाऊक होते?

“मी त्याच खोलीत बसते ना रोज,” ती म्हणाली. “तुमच्या बोटाला त्रास व्हायचा तशी ती जरा जास्त वाजवायची. थंडीत तर फारच.”

मग मला कोणी सांगितले का नाही, असे मी विचारले. त्यावर तिने पिशवी खाली ठेवली आणि माझी करंगळी हातात घेऊन, मटारची शेंग तपासावी तशी, दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हणाली, “तुम्हाला डॉक्टरांनी लिहून दिलं होतं ना.” एवढे बोलून ती भाजी निवडावयास बसली. त्या संध्याकाळी ती माझ्याशी बरेच बोलली. बहुतेक वेळ मटारविषयी.

आता समारोप. आरंभी जे विधान केले त्याकडे परत जाऊ. यंत्र मोजता येतील अशा सर्व बाबतींत श्रेष्ठ आहे, हे टिकते: ते वेळेवर सुरू होते, वेळेवर संपते आणि वहीबाहेरचा एकही सूर वाजवत नाही. मी ते आणले हे योग्यच केले, हेही टिकते. किंबहुना अधिक बळकट होते, कारण तूच परत आली असतीस तर मला काहीच कळले नसते आणि मी आणखी दहा वर्षे यादी वाढवत बसलो असतो. म्हणजे जे सिद्ध करावयाचे होते ते सर्व सिद्ध झाले. एवढे सगळे सिद्ध होऊनही माणसाला सकाळी सात वाजता जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसावे लागते, हे मात्र कोणत्या प्रमेयात बसवावे ते मला समजलेले नाही. काल पोस्टमन जिना चढत होता. मी उठून पियानोचे झाकण उघडले, आणि पुन्हा मिटले.

गुडघ्याला जप. नातीच्या दातांची संख्या कळव.

तुझा,
दादा

ता. क. १ – शाळेला मी कळवले आहे की पियानो रिकामा नाही. त्यांना राग येऊ नये म्हणून यंत्र देऊ केले; परंतु तुझी वहिनी ते सोडावयास तयार नाही. त्याच्या चार मिनिटे दहा सेकंदांत तिची अंडी हवी तशी उकडतात, असे तिचे म्हणणे आहे. सोमवारची गाडी येणार नाही.

ता. क. २ – परवा पियानो जुळवणारे येऊन गेले. खालचे दोन सूर उतरले होते, ते ठीक केले. तुझे घरचे स्टूल उचलताना आतल्या खणातून तुझी वही निघाली, बाबांच्या वहीवरून तू उतरवून घेतलेली. तिच्यात जागोजागी पेन्सिलीचे बारीक ठिपके आहेत. मी ते मोजू लागलो. अकरापर्यंत मोजले. अद्याप पुष्कळ पाने उरली होती. वही मिटली आणि स्टुलात होती तशी ठेवून दिली. पुढे मोजले नाही, आणि किती आहेत हे तूही मला सांगू नकोस. तुझा त्या दिवशीचा प्रश्न उद्धटपणाच्या खात्यातून मी काढून घेतला आहे.

ता. क. ३ – हे खरे म्हणजे आरंभी लिहावयास हवे होते. येत्या शनिवारी दुपारी चार वाजता. व्यवस्थापक बाईंना मी सांगितले आहे की यंत्र आणणार नाही. मग कोण, असे त्यांनी विचारले नाही. पियानोवरचे आवरण काढून धुवायला टाकले. घड्याळजींनी रुमाल आणण्याचे कबूल केले आहे. तू आली नाहीस तर मी एकटा वाजवीन आणि सर्वांना ते ऐकू येईल, याला माझी तयारी आहे. तू आलीस तर खांद्याकडे पाहा. मी खांदा नीट उचलीन. गुडघ्याला जिना नको असेल तर वरच्या मजल्यावर जाऊ नकोस, खालची आतली खोली वहिनीने आवरून ठेवली आहे. तुझा वाचण्याचा चष्मा पियानोवरच राहिला आहे, तेव्हा हे पत्र तू लेकीकडून वाचून घेत असशील. लेकीने हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

कबुली

मी, खाली सही करणारा, याद्वारे कबूल करतो की टंकलिखित यादीतील अकराही कलमे, पान आणि ओळ यांसह, तपासाअंती पूर्णपणे बरोबर आढळली असून त्यांत दुरुस्तीची आवश्यकता नाही. चूक एकच झाली. ती शीर्षकात आहे. ‘साथीतील चुकांची यादी’ असे लिहिले, तेथे केवळ ‘साथ’ एवढेच लिहावयास हवे होते.

(सही) दादा